बसल्या नजरेची उंची

जुनी वाट दोन फळ्यांची होती,
एका माणसापुरती.
समोरून कुणी आलं तर एकाने दलदलीत पाय घालायचा.
तो कुणी घालायचा, यावरून गावात नाती ठरत.
तोर्स्ती म्हणतो, मला बायको अशीच मिळाली,
तिचे बूट कोरडे राहिले म्हणून.

मग एका मे महिन्यात बर्फ फुटलं,
कोर्पीयोकी काठ सोडून वर आली
आणि परतताना अर्धी वाट घेऊन गेली.
फळ्या खालच्या गावात सापडल्या.
काही तोवर सौनाच्या चुलीत गेल्या होत्या.

नगरपालिकेने पैसे दिले, अट एकच:
नवी वाट सगळ्यांची हवी.
सगळे म्हणजे कोण, ते कागदावर सेंटिमीटरमध्ये होतं.
रुंदी एकशे ऐंशी.
वीस पावलांत एक पाऊल चढ, त्याहून जास्त नाही.
फळ्यांमधली फट करंगळीहून बारीक,
म्हणजे काठीचं टोक अडकणार नाही.

सगळा जून मी पाणसळ घेऊन
गुडघ्यांवर रांगत काढला.
रात्री अकरालाही ऊन,
काम थांबवायला निमित्तच नाही.
नळीतला बुडबुडा मधोमध येईना
तोवर नदी दिसली नाही, झाडं दिसली नाहीत,
डास तेवढे दिसले.
चढ सोसवेना म्हणून वाट वळवली,
मग पुन्हा वळवली, एका वाकड्या पाइनला वळसा घातला.
तोर्स्ती कुरकुरला:
आधी नदी पाच मिनिटांवर होती, आता बारा.

ऑगस्टमध्ये ऐला आली, वाट तपासायला.
तीस वर्षं या खोऱ्यात टपाल वाटलेली बाई.
पाय गेले त्याला नऊ हिवाळे झाले.
मी खुर्चीला हात लावला तर म्हणाली,
पत्र मी घरापर्यंत न्यायचे,
वाचून नाही दाखवायचे.

मी हात खिशात घातले.
फळ्यांवरून चाकं गेली, टक टक टक टक,
एकसारखी. त्या आवाजावर मी महिनाभर जगलो असतो.
धबधबीपाशी, सज्जावर, ती थांबली.
बराच वेळ बोलली नाही.
आम्ही कॉफी ओतायची थांबलो.
भरून आलं असेल, तोर्स्ती कुजबुजला.

'कठडा सुरेख झालाय,' ऐला म्हणाली.
'एकही गाठ नाही लाकडात.
मघापासून तोच बघतेय.'

खिळ्यांची बादली पालथी घालून
मी तिच्याशेजारी बसलो.
बरोबर डोळ्यांसमोर वरची फळी,
एकशे दहा सेंटिमीटर, नियमाप्रमाणे,
मी स्वतः रंधा मारलेली.
तिच्यामागे नदी होती.
ऐकू येत होती.

निरीक्षक पिर्त्तीलाहती म्हणाले, उंची कमी करता येणार नाही.
ऐला म्हणाली, उंची ठेवा, लाकूड काढा.
तोर्स्ती तोवर करवत घेऊन आलाच होता.
फळीच्या जागी आम्ही तारा ताणल्या,
बोटाने छेडल्या तर गुणगुणतील इतक्या.
पिर्त्तीलाहतींनी टेप लावली,
मग तेही बादलीवर बसले,
आणि वहीत काहीतरी लिहिलं.
काय ते आम्ही विचारलं नाही.

जाताना ऐला म्हणाली,
इथे हिवाळ्यात कोस्किकारा येतो.
काळा, छातीवर पांढरा बिल्ला,
उणे वीसमध्ये पाण्यात बुडी मारून
दगडावर येऊन गातो.
तेव्हा या वाटेवरचं बर्फ कोण काढणार?

कागदावर ते कुठेच नव्हतं.
तोर्स्ती आपल्या बुटांकडे बघत राहिला.

आज नोव्हेंबरची बावीस तारीख.
सकाळचे आठ वाजलेत, अंधारच आहे.
डोक्याला दिवा बांधून मी फावडं ओढतोय,
एकशे ऐंशी रुंद, एकही सेंटिमीटर कमी नाही,
सवयच लागली.
वळणावर तोर्स्ती राख टाकतोय, सौनातली,
चाकं घसरू नयेत म्हणून.
त्या राखेत आमची जुनी वाटही असेल थोडी.

पक्षी अजून आलेला नाही.
मागून टक टक येतेय.